चढायचे कोणी, उतरायचे कोणी?



आपल्या धर्मग्रामातील एक आजी सलग पाच-सहा रविवार मिस्साला दिसल्या नाहीत. आजारी असतील असे समजून आम्ही त्यांच्या घरी गेलो. प्रकृतीची चौकशी केली, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पाय तं चालतात फादर, पण रस्ता चालू देत नाही."

त्यांच्या घरापासून चर्च जेमतेम दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर आहे. लग्न होऊन पातूरला आल्यापासून त्या याच वाटेने पायी येत आल्या. आता कडेने चालावे तर कडेला गाड्या उभ्या असतात. त्या टाळून मध्ये यावे तर मागून हॉर्न वाजतो. एकदा एका मोटारसायकलच्या आरशाचा धक्का लागला, पडता पडता वाचल्या. तेव्हापासून रविवारी त्या घरीच जपमाळ करतात. आम्ही विचारले, "सर्वांत जास्त अडचण कुठे होते?" त्या थोड्या संकोचल्या. मग म्हणाल्या, "रागावू नका फादर. आपल्या फाटकापाशीच."

आम्हाला राग आला नाही, लाज वाटली. मिस्साच्या वेळी चर्चच्या फाटकाबाहेर दोन्ही बाजूंना ज्या गाड्या उभ्या असतात, त्या आपल्याच असतात. त्यांत आमची मोटारसायकलही असते. ज्या वाटेवर आम्ही लोकांना प्रभूच्या घरी बोलावतो, तीच वाट आम्ही अडवून ठेवली होती आणि हे आमच्या कधी ध्यानातही आले नव्हते.

ही गोष्ट आम्ही धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत सांगितली. सर्वांना वाईट वाटले. एकाने सुचवले, दर रविवारी आजींना ऑटोने आणू. दुसऱ्याने सुचवले, मुख्य रस्त्यावर पादचारी पूल व्हावा म्हणून अर्ज करू. दोन्ही सूचना प्रेमाने केलेल्या होत्या. परंतु घरी परतल्यावर आम्हाला एक प्रश्न सतावू लागला. रस्त्यावर आजी आहेत आणि मोटारसायकल आहे. त्रास मोटारसायकलचा आहे. मग उपाय शोधताना आपण आजींनाच का हलवतो? त्यांना उचलून गाडीत बसवायचे किंवा जिने चढायला लावायचे, म्हणजे मोटारसायकलला थांबावे लागू नये. हे आपण कोणत्या न्यायाने ठरवले?

रस्त्यावर बहुसंख्य कोण?

रस्ता मुख्यतः वाहनांसाठी असतो आणि पायी चालणारा मधे मधे येतो, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. शेतीबाहेरच्या कामांवर जाणारे लोक कसे जातात, याची नोंद २०११ च्या जनगणनेत घेतली गेली. दर शंभरांत सुमारे तेवीस माणसे पायी जात होती आणि सुमारे तेरा सायकलने. मोटारीने जाणारे तिघांहूनही कमी होते. त्यानंतर दुचाक्या पुष्कळ वाढल्या, हे खरे. तरी बाजाराच्या दिवशी आपल्या गावात उभे राहून पाहावे. डोक्यावर ओझे घेतलेल्या बाया, खांद्यावर दप्तर घेतलेली मुले, दवाखान्यात निघालेले म्हातारे, एस.टी. गाठायला धावणारे कामगार असे सगळे पायीच असतात. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या गेल्या. शासनाने मुलीला सायकल दिली, पण ती निर्धास्तपणे चालवता येईल असा रस्ता तिला कोणी दिला?

याची किंमत जिवाने मोजली जाते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५ होते, म्हणजे दररोज सुमारे नव्वद. ही माणसे कोणाला धडकायला गेली नव्हती. पायी चालणारा चुकला तरी सहसा स्वतःचाच जीव गमावतो. वाहन चालवणारा चुकला तर दुसऱ्याचा जातो. हा फरक आपल्या विचाराचा पाया असला पाहिजे.

मुंबईने लोकांना वर चढवले

पादचारी पुलाची सूचना आली, तेव्हा आम्हाला मुंबईचे स्कायवॉक आठवले. वांद्रे स्थानकाच्या पूर्वेला २००८ साली पहिला स्कायवॉक सुरू झाला. पुढे मुंबई व आसपासच्या शहरांत असे तीसहून अधिक बांधले गेले. हेतू चांगला होता. स्थानकातून बाहेर पडणारी गर्दी वरून जाईल, तिला धोका राहणार नाही. परंतु अनेक ठिकाणी लोक खालूनच चालत राहिले. वृद्ध, गरोदर बाया, हातात सामान असलेले, कडेवर मूल असलेले यांना ते जिने परवडले नाहीत. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक तर धोकादायक झाल्यामुळे २०१९ मध्ये बंद करावा लागला आणि नंतर पाडावा लागला.

यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मोठ्या महामार्गावर किंवा रेल्वेमार्गावर पूल लागतोच. पण बाजारपेठेच्या मधोमध, जिथे माणसे भाजी घेतात, औषध घेतात, देवळात, मशिदीत, चर्चमध्ये जातात, तिथे पूल बांधणे म्हणजे दुबळ्याला सांगणे की, बाबा, तू चढ, म्हणजे बलवानाला ब्रेक दाबण्याचे कष्ट पडणार नाहीत.

ज्याच्या हाती शक्ती, त्याच्यावर जबाबदारी

संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची व्याख्या सांगताना जुन्या रोमन कायदेपंडितांचाच आधार घेतला. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. मग रस्त्यावर कोणाचे काय असते? जमीन सर्वांची, खर्च सर्वांच्या कराचा. माचिसची पेटी घेणारी आजीही कर भरते. म्हणून रस्ता ही सामाईक मालमत्ता आहे. सामाईक गोष्ट जो वापरतो, त्याने ती दुसऱ्यालाही वापरता येईल अशा रीतीने वापरली पाहिजे. एवढे सर्वांना पटते.

पण इथे आणखी एक पायरी आहे. पाणवठ्यावर दोघे समान असू शकतात. रस्त्यावर मात्र एकाच्या हाती यंत्र असते आणि दुसऱ्याच्या हाती काठी. शाळेत आपण शिकलो की, वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी तीस किलोमीटरने जाणारी गाडी साठने जाऊ लागली, तर तिचा आघात दुपटीने नव्हे, चौपटीने वाढतो. म्हणूनच जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात, तिथे ताशी तीसपेक्षा जास्त वेग नसावा, असा आग्रह २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत अनेक देशांनी मिळून धरला. वेग वाढवणे ही चालकाची निवड असते. आजींनी काही निवडलेले नसते. ज्याने धोका निर्माण केला, त्यानेच तो आवरला पाहिजे. आमच्या मते या साऱ्या विषयाचा नैतिक गाभा हाच आहे. मोठे वाहन हा मोठा हक्क नव्हे, ती मोठी जबाबदारी आहे.

आपल्या महासभेनेही हे सांगितले आहे. जून २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरील सेवाकार्याविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा होत्या. त्यांतल्या एकीत म्हटले आहे की, गाडी हे सत्ता आणि दर्प मिरवण्याचे साधन होऊ नये. दुसरीत दुबळ्या वाटसरूला सांभाळण्याची आज्ञा आहे. त्या वेळी वर्तमानपत्रांनी ही बातमी काहीशी गमतीने छापली. ज्यांच्या घरचे माणूस रस्त्यावर गेले, त्यांना ती गंमत वाटली नसेल.

आपण शोमरोनी माणसाची गोष्ट पुष्कळदा ऐकतो. तीही रस्त्यावरचीच गोष्ट आहे. तिच्यातल्या एका बारीक तपशिलाकडे आमचे लक्ष हल्लीच गेले. त्या माणसापाशी जनावर होते. जखमी माणसाला त्याने आपल्या जनावरावर बसवले. याचा अर्थ तो स्वतः खाली उतरला आणि पुढची वाट पायी चालला. जो वर होता तो उतरला, जो खाली होता त्याला आधार मिळाला. आपण आपल्या रस्त्यांवर नेमके याच्या उलट करीत आहोत.

रस्त्यावरून चालणे ही क्षुल्लक बाब आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने वायकोमचा सत्याग्रह आठवावा. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्याचा हक्क मिळावा, म्हणून अस्पृश्य मानलेल्या लोकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी महिनोन् महिने सत्याग्रह केला. त्यांना त्या रस्त्यांवरून नुसते चालायचे होते. रस्त्यावर आपल्याला माणूस म्हणून मोजतात की नाही, हे गरिबाला बरोबर कळते.

पुण्याचा धडा

आपल्या राज्यात या प्रश्नाशी सर्वांत जास्त झगडलेले शहर पुणे. एकेकाळी ते सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यातला कामगार, कॉलेजातला प्राध्यापक आणि दूधवाला एकाच रस्त्याने सायकलवर जात. पुढे दुचाक्या आल्या आणि सायकल गरिबीची खूण ठरली. २००६ च्या अखेरीस सातारा रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका झाली, तेव्हा सोबत सायकलमार्गही आखले गेले. पण त्यांवर कुठे गाड्या उभ्या राहिल्या, कुठे टपऱ्या आल्या, कुठे मध्येच खांब आले. सायकलवाला पुन्हा मोठ्या रस्त्यावर आला आणि लोक म्हणू लागले की, सायकलमार्ग कोणी वापरतच नाही. तुटकी शिडी कोणी चढत नाही म्हणून वर जाण्याची इच्छाच कोणाला नाही, असे म्हणण्यासारखे ते झाले.

पुणे तिथेच थांबले नाही. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला बाके आली, झाडे जपली गेली. ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग काही तास वाहनांना बंद ठेवला. ज्या रस्त्यावर एरवी पाऊल टाकायला जागा नसते, तिथे लहान मुले मोकळेपणी खेळली. पुढच्या वर्षांतही हा दिन पाळला गेला. वर्षातला एक दिवस थोडाच असतो, हे मान्य. तरी त्या एका दिवसाने लोकांना डोळ्यांनी दाखवले की, हा रस्ता असाही असू शकतो.

मनात येणाऱ्या शंका

पहिली शंका दुकानदाराची. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येईल का? ही भीती खोटी नाही, कारण तिच्यामागे घर चालवण्याची चिंता आहे. कोपनहेगन शहरात १७ नोव्हेंबर १९६२ रोजी स्ट्रॉयट नावाचा मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद केला गेला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही हेच म्हटले होते. पुढे त्याच रस्त्यावर माणसे वाढली आणि धंदाही वाढला. आपल्याकडे दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून दिवसा मोटारींना बंदी आहे, आणि चांदणी चौक ओस पडलेला नाही. गाडी कधी कपडा घेत नाही, माणूस घेतो. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली एक मोटार दहा-बारा चौरस मीटर जागा अडवते, आणि पुष्कळदा ती दुकानदाराचीच असते.

दुसरी शंका हातगाडीवाल्यांविषयीची. पदपथ मोकळा करा म्हटले की, सर्वांत आधी केळीवाल्या बाईची गाडी उचलली जाते. दारात उभी असलेली मोटार मात्र अतिक्रमण ठरत नाही! १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, अडथळ्याविना पदपथ मिळणे हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे चालणारी आजीही हवी आणि विकणारी बाईही हवी. दोघींना जागा पुरत नसेल, तर आधी उभ्या वाहनांची जागा कमी करावी. गरिबाला गरिबाविरुद्ध उभे करू नये.

तिसरी शंका सर्वांत खरी आहे. पातूरसारख्या गावाला वाहन लागते. शेतकऱ्याला कापूस आणायचा असतो, दूध पोचवायचे असते, रात्री-अपरात्री आजाऱ्याला अकोल्याला न्यायचे असते. ज्याचे पायच चालत नाहीत, त्याला गाडीशिवाय गत्यंतर नाही. हे सर्व मान्य. मोटारसायकलमुळेच आम्ही दूरच्या वाड्यावस्त्यांवरच्या कुटुंबांना भेटू शकतो. वाहनाला पाप म्हणणे हा विचाराचा आळस होईल. आपण विचारायचे ते इतकेच की, हे वाहन इथे, आत्ता, या वेगाने लागते आहे का?

आणि वऱ्हाडचे ऊन कसे विसरता येईल? मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा पायी चाला असे नुसते सांगणे हाही एक निष्ठुरपणा आहे. आपल्याकडे पादचाऱ्याची पहिली सोय म्हणजे सावली. रस्ता रुंद करताना कडेचा कडुलिंब तोडला जातो, तेव्हा मोटारीला दोन हात जागा मिळते आणि चालणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर जाते. झाड तोडणाऱ्याच्या गाडीत वातानुकूलन यंत्र असते. आजींपाशी पदर असतो.

जे आहे ते कायमचे नसते

काही जण म्हणतील, युरोपची गोष्ट वेगळी, तिथे लोक मुळातच शिस्तीचे. तसे नाही. आज सायकलींसाठी नावाजलेल्या हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांची हत्या थांबवा, हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. आज तिथे जे सुरक्षित रस्ते दिसतात, त्यांना ती चळवळही कारणीभूत आहे. त्यांनी अपघाताला नशीब म्हणायचे सोडले, तिथून बदलाला सुरुवात झाली.

एकेकाळी धर्मगुरू म्हणून काम केलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७४ च्या सुमारास एक हिशोब मांडला होता. अमेरिकन माणूस गाडी चालवण्यात, आणि तिच्यासाठी लागणारा पैसा कमावण्यात, वर्षाला सोळाशे तास घालवतो. तेवढ्या वेळात तो साडेसात हजार मैल जातो. भागाकार केला तर वेग ताशी पाच मैलांहूनही कमी, म्हणजे सायकलपेक्षाही कमी! गाडीच्या हप्त्यासाठी जादा पाळ्या करणाऱ्या आपल्या तरुणांनी हा हिशोब एकदा स्वतःपुरता करून पाहावा.

आपण काय करायचे?

बंधुभगिनींनो, पुण्याचे पुणे पाहील, मुंबईचे मुंबई पाहील. आजी आपल्या आहेत आणि फाटकही आपले आहे. दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आपण आपल्या दारापासून सुरुवात करावी. धर्मग्राम मंडळाशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत.

येत्या रविवारपासून फाटकाबाहेर रस्त्यावर कोणतेही वाहन उभे करू नये. आवाराच्या मागच्या बाजूला जागा साफ केली आहे, गाड्या तिथे लावाव्यात. पुढची जागा आजारी आणि अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी राखावी. ज्यांचे घर पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे आणि ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी मिस्साला पायी किंवा सायकलने यावे. आम्हीही गावातल्या गावात भेटींसाठी मोटारसायकल काढणार नाही. दूरच्या वस्त्यांना जाताना मात्र ती लागेल, तेव्हा कोणी आम्हाला दोष देऊ नये. मिस्साआधी अर्धा तास युवक मंडळातील दोघे मुख्य रस्त्यापाशी उभे राहतील आणि वृद्धांना ओलांडायला मदत करतील. हे काम कायमचे असू नये अशी आमची इच्छा आहे. रस्ता नीट झाला की त्यांची गरज उरणार नाही.

त्यासाठी नगर परिषदेला एक निवेदन द्यायचे आहे. शाळा आणि बाजार यांजवळ गतिरोधक व झेब्रा पट्टे, कडेने सलग चालण्याची जागा, हातगाड्यांना ठरवून दिलेली जागा आणि कडेला सावलीची झाडे, एवढ्याच मागण्या आहेत. झेब्रा पट्ट्यावर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणे हे २०१७ च्या वाहतूक नियमांनुसार चालकावर बंधनकारक आहे, याचीही त्यात आठवण दिली आहे. हे निवेदन फक्त आपले असू नये. रस्ता हिंदूंचा, मुसलमानांचा, बौद्धांचा, ख्रिस्ती लोकांचा, सर्वांचा आहे. म्हणून शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात. कागद सॅक्रिस्टीत ठेवला आहे.

हे सारे आम्ही आजींना जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "लोक ऐकतील का फादर?" आम्ही म्हटले, "आजी, आम्हाला माहीत नाही. पण आमची गाडी तरी तिथे नसेल." त्या म्हणाल्या, "मग येऊन पाहतो एखाद्या रविवारी."

त्या ज्या रविवारी येतील, त्या दिवशी त्यांना वाट मोकळी मिळावी. ते आपल्याच हाती आहे.

आपला,
धर्मगुरू